वस्तरा बंद केलेले तात्या

तात्यांना राग आधी यायचा, कारण मागून सापडायचं. जिंतूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. आत पाऊल टाकणाऱ्याला 'या, बसा' असं तिथं कुणी कधी म्हटलं नसेल. तात्या म्हणायचे, "हात बघू." नखात माती दिसली की बाहेरच्या बादलीकडं बोट. एकदा त्यांनी चक्क नवरदेवाला बाहेर काढलं होतं. सोबतचे मित्र म्हणाले, "तात्या, पोराचं आज लगीन हाय." तात्या म्हणाले, "मग बायकोला घाण हात लावायच्या आधी हितं धू म्हणावं." नवरदेव मुकाट्यानं हात धुऊन आला आणि खुर्चीत बसला.

लोक त्या दुकानाला दवाखाना म्हणत. एका माणसाला एक टॉवेल, मग तो उकळत्या पाण्यात. ब्लेड नवी, आणि काम झालं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोडून डब्यात. काकू, म्हणजे तात्यांची बायको, मागच्या दारातून ओरडायच्या, "घरात प्यायला पाणी न्हाई अन् ह्यांचे टॉवेल रोज आंघोळ करायलेत." तात्या आतूनच उत्तर द्यायचे, "टॉवेल कुरकुर करत न्हाई म्हणून त्याला घालतो."

पण सगळ्यात विचित्र होता त्यांचा एक नियम. दाढीला ब्लेड, डोक्याला कात्री. डोक्यावर वस्तरा फिरवायचा नाही. जावळ असो, नवस असो, कुणाचं दहावं असो, तात्या जात नसत. तालुक्याच्या गावात न्हाव्यानं असा नियम करायचा म्हणजे वाण्यानं मीठ विकणार नाही म्हणण्यासारखं. लोकांना वाटायचं, हा माजला. मलाही तसंच वाटायचं.

मी येलदरीहून पिकअपमध्ये मासळी भरून जिंतूरला आणायचो. शाळा आठवीत सुटली होती आणि स्टिअरिंग हातात आलं होतं. माझ्या अंगाला मासळीचा वास, त्यामुळे तात्या मला बादलीकडं दोनदा पाठवायचे. तरी मी दुसऱ्याकडं कधी गेलो नाही. शिव्या देताना त्यांचा हात डोक्यावर असा हलका चालायचा की शिव्या ऐकता ऐकता डुलकी लागावी.

वस्तऱ्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही चिडून, कारण मी खोदून खोदून विचारत होतो. तरुणपणी ते परभणीला एका दवाखान्यात ऑपरेशनच्या पेशंटचे केस काढायला जात. आदल्या दिवशी संध्याकाळी बोलावणं यायचं. पोटाचं ऑपरेशन असो की डोक्याचं, तात्या असं काम करायचे की माशी बसली तर घसरावी. त्याची त्यांना घमेंड होती. मग एक नवीन डॉक्टर आला. त्यानं तात्यांना बोलावून त्यांनीच सफाचट केलेलं एक डोकं भिंगातून दाखवलं.

"नांगरल्यावानी दिसलं रं," तात्या म्हणाले. "मला वाटायचं मी आरसा करून ठेवतो. अन् मी पेरणीला वावर तयार करून देत होतो."

डॉक्टरनं समजावून सांगितलं. वस्तऱ्यानं डोळ्याला न दिसणारे काप पडतात, मधे एक रात्र गेली की त्यात जंतू घर करतात आणि ऑपरेशनच्या वेळी ते तिथंच बसलेले असतात. म्हणून लागतील तेवढेच केस, तेही मशीननं, तेही ऑपरेशनच्या अगोदर थोडा वेळ. एक मशीनही त्यानं तात्यांच्या हातात दिलं. तात्यांनी महिनाभर ते चालवलं आणि काम सोडून जिंतूरला आले. आपण केलेल्या डोक्यांतली कोणती पुढं चिघळली, ते त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. "डॉक्टर रागावला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मी भांडलो असतो अन् इसरलो असतो. त्यो गोड बोलला. तेच अजून डोक्यात बसलंय."

माझी गाठ पहिल्यांदा दिसली तीही तात्यांनाच. म्हणजे गाठ आत होती, त्यांना दिसलं ते एवढंच की केस कापताना माझा डावा गाल उडायला लागला आणि मांडीवरचा डावा हात आपोआप नाचायला लागला. मला वाटलं माशी बसली असेल. तात्यांनी कात्री लांब केली, दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली आणि हात थांबेपर्यंत धरून ठेवली. मग विचारलं, "हे कधीपासून चालू हाय?"

"चार-सा म्हैने झाले असतील. थकव्यानं होतंय."

"थकव्यानं दोन्ही हात नाचले असते. एकच का नाचतो?"

मी हसलो. त्यांनी अर्धी कटिंग तशीच ठेवून मला खुर्चीतून उठवलं. "गाडीची किल्ली दे. फोटो काढून आण डोक्याचा, मगच मिळंल. अन् उरलेले केसबी तवाच कापीन." तसाच अर्धवट डोक्यानं मी एसटीत बसून परभणीला गेलो. लोक बघून हसत होते. फोटोत लिंबाएवढी गाठ निघाली, मेंदूच्या वरच्या पडद्याला चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, ही कॅन्सरची दिसत नाही, काढली की माणूस बरा होतो. पण सूज आहे, उशीर करू नका. सुजेच्या गोळ्या दिल्या आणि एक एक गोष्ट सावकाश सांगितली. ह्या गोळ्यांनी साखर वाढते, ती तपासत राहायची. तंबाखू बंद. डोक्यावर फोड, खरूज, जखम काही असेल तर आधी सांगायचं. आणि केसांना हात लावायचा नाही, लागतील तेवढे आम्हीच बारीक करू.

मी हे सगळं ऐकलं. मला कळलंही. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर सगळ्यांनी 'अडाणी लोक, त्यांना काय समजतंय' असं म्हणून मला मोकळं सोडलं. मी आठवीपर्यंत शिकलेला होतो. मला समजलं होतं.

आमच्याकडं डोकं उतरवतात ते बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना पोराचं डोकं बोडकं दिसलं तर समोरचा आधी विचारतो, 'कधी गेले?' आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते सोसणारं नव्हतं. दवाखान्यातले लोक फक्त पट्टीएवढे केस काढतील ह्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी तोड काढली. केस आधीच महादेवाला द्यायचे. नवसाचे केस म्हणजे देवाचे, त्यात कुणाच्या मरणाचा संबंध नाही. हे काम सगळ्यात हलक्या हाताच्या माणसानं करावं म्हणून ते मला घेऊन तात्यांकडं आले.

"तात्या, उद्या नदीवर येऊन पोराचं डोकं उतरवून द्या," आप्पा म्हणाले.

"डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टरला आपल्यातलं काय कळतंय?"

"अन् तुमाला डोक्यातलं काय कळतंय?"

आप्पांचा चेहरा उतरला. तरी ते नरमाईनं म्हणाले, "असं करू नका. देवाचं काम हाय."

"देवाला केस पायजेत का पोरगं पायजे, ते एकदा इचारून या त्याला." तात्यांचा आवाज गल्लीत जाऊ लागला. "वस्तरा फिरला की कातड्याला हजार दारं पडत्यात. अन् दोन दिसांनी त्याच कातड्यातून डॉक्टर आत जाणार. कळतंय का? तुमी पोराला मारायला न्यायलाव."

"माझ्या तोंडावर माझ्या लेकराचं वंगाळ बोलायलाव तुमी," आप्पा उठले.

"मग जावा. जावा त्या घाटावरच्या न्हाव्याकडं, त्यो कापंल पायजे तसं. माझ्या दुकानात पाय ठेवू नका."

मी मधे उभा होतो. तेव्हा 'आप्पा, मला नाही काढायचे केस' एवढंच म्हणायचं होतं. तीस वर्षांचा घोडा, गाडी चालवणारा, दोन लेकरांचा बाप, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मला गाठीची भीती होती, डॉक्टरची होती, देवाची होती, आणि आप्पांच्या उतरलेल्या चेहऱ्याची ह्या सगळ्यांपेक्षा जास्त होती.

घाटावरच्या माणसानं पायरीवर बसवून नदीचं पाणी शिंपडलं आणि वस्तरा चालवला. कानामागं एक, टाळूवर दोन, असे तीन काप पडले. त्यानं तुरटी घासली. आप्पांनी वरून अंगारा लावला. काप झोंबत होते आणि मी हात जोडून बसलो होतो.

दोन दिवसांनी ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी माझी टोपी काढली. मग विचारलं, "हे कुणी केलं?" आप्पा म्हणाले, "देवाचं काम होतं." डॉक्टरांनी बोटानं एका कापाभोवतीची लाली दाबून बघितली. म्हणाले, एरवी ही कातडी बरी होईपर्यंत मी हात लावला नसता, पण झटके वाढलेत, सूज वाढलीय, थांबणं जास्त धोक्याचं आहे. धोका वाढल्याचं त्यांनी कागदावर लिहिलं आणि आप्पांची सही घेतली. मला सकाळी आत नेलं. बाहेर आणलं तेव्हा ऊन उतरलं होतं, असं मला नंतर सांगितलं.

गाठ निघाली. हात थांबला. घरी आलो तेव्हा सगळ्यांना वाटलं, जिंकलो. दवाखान्यानं एक कागद दिला होता. त्यावर मराठीत लिहिलेलं होतं, जखम कोरडी ठेवा, हात लावू नका, पाणी किंवा पू आला, ताप आला, मान आखडली तर त्याच दिवशी या. आप्पांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. देव्हाऱ्यातला कागद कोण वाचतो? मीही तो पुन्हा हातात घेतला नाही.

आता भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहितो, आणि जपून लिहिणार नाही. आजारी माणसाला भेटायला जाणं हे आमच्याकडं पुण्य आहे. पण ते पुण्य लोक हातांनी करतात. आला तो डोक्यावर हात ठेवून गेला. बैल बांधून आला, हात ठेवला. बिडी विझवली, हात ठेवला. मोठी आत्या रोज वेगळ्या देवाचा अंगारा घेऊन यायची. "टोपी काढ रं, बघू," म्हणायचे, आणि मी काढायचो. जत्रेत नवा बैल दाखवतात तसे मी माझे टाके दाखवत होतो. मला मजा वाटत होती. हे लिहिताना मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नवव्या-दहाव्या दिवशी उशी ओली व्हायला लागली. कानामागच्या टोकाला टाक्यांतून पाणी झिरपत होतं. पू नाही, रक्त नाही, नितळ पाणी. आत्या म्हणाली, उन्हाळ्याचा घाम आहे. आप्पा म्हणाले, विकार बाहेर पडतोय, पडू द्या, डोकं हलकं होईल. डोकं हलकं होत नव्हतं, ठणकत होतं. पण मी रोज 'बरंय' म्हणत होतो, कारण पुन्हा दवाखाना नको होता.

तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते दुपारच्या एसटीनं येलदरीला उतरले आणि उन्हात चालत आमच्या घरी आले. आप्पा ओसरीत होते. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तात्यांनी आधी रांजणावर कोपरापर्यंत हात धुतले, मग माझ्यापासून हातभर लांब उकिडवे बसले. हात लावला नाही. उशीकडं बघितलं.

"हे काय?"

"घाम हाय," आत्या म्हणाली.

"घाम एकाच कानामागं येतो का, आत्याबाई? खाली वाक रं जरा."

मी वाकलो. कानामागून थेंब सुटला, मग दुसरा, मग धारच लागली. तात्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ते ओरडले नाहीत. हळू म्हणाले, "हे डोक्यातलं पाणी हाय. मी दवाखान्यात बघितलंय. ज्या वाटेनं हे भाईर यायलंय, त्याच वाटेनं घाण आत जायलीय. मान वाकव, छातीला हनुवटी लाव."

लागेना. मान लाकडासारखी झाली होती.

आप्पा ओसरीतून म्हणाले, "विकार निघायलाय, निघू द्या."

मग मात्र तात्या उठले. "इकार त्या देव्हाऱ्यात ठेवलाय तुमी," ते म्हणाले. त्यांना तो कागद बसल्या जागेवरून दिसला होता. त्यांनी तो कुंकवासकट उचलला आणि आप्पांच्या समोर धरला. "वाचता येत नसंल तर वाचून दाखवतो. आत्याबाई, तुमीबी ऐका. अन् गाडी सांगा कुणीतरी, जीप सांगा, टेम्पो सांगा, पण आत्ता सांगा." जीप आली. परभणीपर्यंत तात्या माझ्या शेजारी बसले आणि रस्ताभर खड्ड्यांना, ड्रायव्हरला, आप्पांना आणि मला शिव्या देत राहिले. ताप चढला होता. मला वाटतं त्या शिव्यांच्या आवाजाला धरूनच मी जागा राहिलो.

डोकं पुन्हा उघडावं लागलं. आत पू झाला होता. गाठ काढताना कवटीचा जो तुकडा काढून परत बसवला होता, त्यालाच जंतू लागले होते. तो काढून टाकला. ज्यातून पाणी गळत होतं तो पडदा शिवला. मग कित्येक आठवडे शिरेतून औषध. उजव्या बाजूला हाडच नाही, नुसती कातडी, खोकलो की फुगायची. बायको तिकडं बघायची नाही.

मी एकदा डॉक्टरांना विचारलं, हे कशानं झालं? मला एक नाव पाहिजे होतं. ते म्हणाले, एका कारणावर बोट ठेवता येत नाही. कातडीवरचे काप होते, सुजेच्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी झाली होती, साखर वाढली होती, ऑपरेशन लांबलं होतं, वरून लोकांचे हात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते गळणारं पाणी. ह्यातलं काहीच नसताना सुद्धा कधी कधी होतं. मी बाहेर येऊन तात्यांना सांगितलं तर ते खवळले. "डॉक्टर भला माणूस हाय, तुझं मन राखायलाय. वस्तरा. दुसरं काय न्हाई, वस्तरा."

त्या दिवसांत ते जिंतूरहून दुकान बंद करून यायचे आणि वॉर्डात आत यायचेच नाहीत. दारात उभे राहायचे. भेटायला आलेल्या पाहुण्यांचे हात बघायचे. कुणी म्हणालं, "तुमी कोण पेशंटचे?" तर म्हणायचे, "मी त्याचा न्हावी. त्याच्या डोक्याचा मालक." सिस्टरांना पहिले दोन दिवस त्यांचा त्रास झाला. नंतर त्या चहाला जाताना तात्यांना सांगून जायच्या. आत्या एकदा पदराखाली अंगारा लपवून आली. तात्यांनी पदराकडं बोट केलं. आत्या म्हणाली, "देवाचा हाय, तात्या, देवाला तरी येऊ द्या आत." तात्या म्हणाले, "देवाला हात धुऊन येऊ द्या."

दवाखान्यातून मी सुटलो. पुढं हाडाच्या जागी धातूची जाळी बसवली. झटक्याची गोळी मात्र कायमची लागली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. पिकअपची किल्ली मी दुसऱ्याच्या हातात दिली.

आणि मग आप्पा गेले, झोपेतच, छातीच्या दुखण्यानं. दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. घाटावरचा तोच माणूस तोच वस्तरा घेऊन पायरीवर बसला होता. जाळीवरची माझी कातडी पातळ होती, तिथं वस्तरा लागला तर काय होईल ते मला माहीत होतं. ह्या वेळी मी तोंड उघडलं. म्हणालो, मी मिशी देतो, डोकं नाही. चुलते म्हणाले, "बाप मेलाय तुझा, बकरी न्हाई." मी पुन्हा गप्प झालो. आणि पायऱ्या उतरून तात्या आले. आमच्या घरचं दहावं त्यांना चुकवायचं नव्हतं.

मला वाटलं आता घाटावर भांडण पेटणार. भावकीलाही तसंच वाटलं. पण तात्यांनी पिशवीतून मशीन काढलं, बॅटरीवर चालणारं, त्याचे दाते स्पिरिटनं पुसले आणि चुलत्यांना म्हणाले, "बापू, केस उतरायला पायजेत ना? उतरवतो. मुळापासून एवढंसं ठेवतो, लांबून कुणाला कळायचं न्हाई."

"मशीननं दहावं होतंय का कुठं?" चुलते म्हणाले. "कावळा शिवंल का पिंडाला?"

"कावळा काय खाली उतरून डोकं चाचपणार हाय का, बापू? तुमी बसा सावलीला."

दोनचार जण हसले. त्या हसण्यात विरोध विरघळला. तात्यांनी माझं डोकं गुडघ्यांत घेतलं आणि जाळीच्या कडेकडेनं मशीन फिरवलं. एक ओरखडाही नाही. कुणाच्या मनाला लागलं नाही, कुणी रुसलं नाही, माझ्या आप्पांचं दहावं नीट झालं. सगळं मिळून चहा पिण्याएवढा वेळ लागला.

लोक पांगल्यावर तात्या बाभळीखाली बसले. मी शेजारी गेलो, पाया पडायला वाकलो. त्यांनी माझा हात झटकला.

"पाया पडू नको. तुला कळलं का आज काय झालं ते?"

"काय?"

"आप्पा दुकानात आले त्या दिशी हे मशीन होतं माझ्यापाशी. खिळ्याला टांगलेलं. डॉक्टरनं दिलेलंच होतं मला. उठून नदीवर आलो असतो अन् हेच केलं असतं, तर देवाला चाललं असतं, आप्पाला चाललं असतं, डॉक्टरनंबी थोडी कटकट करून सोडून दिलं असतं." ते नदीकडं बघत बोलत होते. "मला काय झालं? मला राग आला. मला बरोबर असायचं होतं. घाटावरच्याकडं जा म्हणून मीच सांगितलं. आप्पाला त्याचं नाव सुचलंबी नव्हतं."

आधी वाटलं, म्हातारा उगीच स्वतःला लावून घेतोय. मग घरी जाईपर्यंत पायाखालची वाट तापत गेली. ज्या दोघांनी माझ्यावर सगळ्यात जास्त माया केली, त्या दोघांनी भांडणात मला मधे उभं केलं आणि तिसऱ्याच्या वस्तऱ्याखाली पाठवलं. एकाला देव सोडवेना, एकाला राग. आप्पांवर चिडायची सोय राहिली नव्हती. तात्यांवर मी चिडलो. डॉक्टरांनी सांगितलेली सगळी कारणं मला पाठ होती, तरी चिडलो. आठवडाभरानं मी कामासाठी वापीला निघालो तेव्हा जिंतूरला गाडी दहा मिनिटं थांबली होती. दुकान हाकेच्या अंतरावर होतं. मी खाली उतरलो नाही.

पहिला फोन त्यांनीच केला. "डोकं कसंय?" एवढंच. मी म्हणालो, "बरंय." मग महिन्याला एक फोन ठरलेला. ताप आला का, खाज येते का, टोपी धुतोस का, साखर तपासली का. मी हो किंवा नाही म्हणायचो. कारखान्यात धूळ असते, उकडतं, घाम येतो, आणि कानामागं ओल लागली की आजही माझा जीव घाबरा होतो. बोट लावून बघतो, बोट हुंगतो. सोबतचे लोक हसतात. अशा वेळी मनात सगळ्यात आधी तात्यांचाच आवाज येतो, शिव्या देणारा. तो आवाज नसता तर मी इथं पॅकिंगच्या टेबलाशी उभा नसतो, हे मला माहीत आहे. ज्याच्यामुळं जगलो त्याच्यावर राग धरायचा, आणि ज्याच्यावर राग त्याच्या फोनची वाट बघायची. दोन्ही एकदम करणं सोपं नाही.

काकूंनी मला कळवलं तेव्हा तात्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. घाईत माझा नंबर कुणाला सापडला नव्हता. त्यांचं दहावं कुणी कशानं केलं, ते मी विचारलं नाही.

त्याआधी दिवाळीत गेलो होतो तेव्हाची आमची शेवटची भेट. ह्या वेळी उतरलो. तात्यांचा हात थोडा कापत होता, पण डोक्याला टेकला की थांबायचा. नखं बघितली, बादलीकडं पाठवलं, टॉवेल बांधला. जाळीच्या कडेला आले तेव्हा कात्री हळू झाली. आरशात माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "राग गेला का न्हाई अजून?"

मला खोटं बोलता आलं असतं. "न्हाई गेला, तात्या."

"असू दे," ते म्हणाले. "डोकं हलवू नको."